घट्ट पाण्याचा पेला

१

आमच्या घरात नात जन्मली त्याच वर्षी तिच्या आजोबांची वाचा गेली. तिकडे तिला पहिला दात येत होता आणि इकडे ह्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकदम लुळी पडली. त्यामुळे ते साल मला वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. नातीचं वय मोजलं की झालं.

हे, म्हणजे माझे मालक, लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. जन्मभर माइकवर बोटाने टकटक करून "हॅलो, हॅलो, चेक" म्हणत आले. झटक्यानंतर बाकी सगळे शब्द गेले आणि तेवढेच राहिले. भूक लागली तरी हॅलो, राग आला तरी चेक. वॉर्डातले लोक हसायचे. हेही हसायचे, तोंडाच्या एका बाजूने.

झटक्याने गिळणंही बिघडलं होतं. साधं पाणी पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरायचं. म्हणून डब्यातली पावडर घालून पाणी घट्ट करायचं आणि चमच्याने भरवायचं. वॉर्डात त्याला घट्ट पाणीच म्हणत. जुन्या डब्यातल्या पावडरीचं पाणी काचेसारखं स्वच्छ राहायचं. त्या आठवड्यात स्टोअरमधून नवा डबा आला, त्याचं पाणी दुधाळ व्हायचं, कपड्यांना घालायच्या खळीसारखं. पण घट्ट मात्र छान व्हायचं.

त्या सकाळी मी ह्यांचे कपडे धुवायला गेले होते. परत आले तर हे पलंगावर वाकडे पडलेले, ओठ निळे, छातीत घरघर. डाव्या हातात पेला, त्यात तळाशी थोडं पाणी. गळा, उशी, सगळं ओलं. मी ओरडले. सिस्टर येईपर्यंत मी टॉवेलने ह्यांचा गळा पुसला. टॉवेलला लिंबाचा वास आला. अशा वेळी नको ते लक्षात राहतं.

सिस्टर आल्या, डॉक्टर आले, मला बाजूला सारलं. माझा मुलगा औषधं आणायला खाली गेला होता, तो धावत वर आला. त्याने पेला उचलला, तिरका केला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे पातळ आहे! साध्या पाण्यासारखं!" तो किंचाळला. "मी घट्ट करून ठेवलं होतं. चमचा उभा राहत होता त्यात. पेला कुणी बदलला?"

सगळ्यांची नजर दाराकडे गेली. दारात वाचाताई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पाण्याने भरलेला पेला होता.

२

वाचाताई म्हणजे बोलणं आणि गिळणं परत शिकवणाऱ्या बाई. हे नाव वॉर्डाने त्यांना दिलेलं. त्यांनी पुठ्ठ्यावर मोठी मोठी अक्षरं चिकटवून आणली होती. ह्यांनी एक एक अक्षर दाखवायचं, त्याचा शब्द व्हायचा. ह्यांना ती अक्षरं पुन्हा शिकायची होती आणि मला पहिल्यांदाच. आम्ही दोघं एका वर्गात बसलो. हे माझ्यापेक्षा हुशार निघाले, याचा मला थोडा रागच आला.

त्या दिवसांत शब्द चालला होता 'पाणी'. हे 'पा' वर बोट ठेवायचे, 'णी' वर ठेवायचे आणि वर बघून म्हणायचे, "हॅलो!"

माझ्या मुलाने तेवढंच धरलं. "ह्याच बाईंनी बाबांना पाणी मागायला शिकवलं. बाबांनी मागितलं आणि त्यांनी दिलं. कीव आली असेल. आई, पेला हातात होता त्यांच्या! सगळ्या वॉर्डाने पाहिलंय."

"अरे, ते बोळे भिजवायचं पाणी होतं. ह्यांचे ओठ ओले करायला रोज आणतात."

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस. तिकडे बाबांच्या फुफ्फुसात पू झालाय."

त्याने तक्रार केली. वाचा आणि श्रवणाचे उपचार करणाऱ्यांची एक संघटना आहे. तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय कुणाला हे काम करता येत नाही, आणि कुणाच्या हातून चूक झाली तर नोंदणी काढून घेण्याचा हक्कही तिचाच. संघटनेने कळवलं: चौकशी पूर्ण होईपर्यंत वाचाताईंनी कोणत्याही पेशंटजवळ जायचं नाही. आरोप खरा ठरला तर कायमचंच नाही.

ह्यांच्या नाकातून नळी घातली. ताप उतरेना. डॉक्टर माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायला लागले, तेव्हा मी समजले. हातात फार दिवस नव्हते. हे डाव्या हाताने पुठ्ठा ओढून घ्यायचे, थरथरतं बोट अक्षरांवरून फिरवायचे, पण शब्द लागत नव्हता. मला नीट मदत करता येत नव्हती. मी स्वतःच पहिल्या इयत्तेतली. ज्या बाईला ह्यांचं बोट वाचता येत होतं ती फाटकाबाहेर उभी. मी खाली गेले की विचारायची, "आज काय म्हणाले?"

"हॅलो म्हणाले," मी सांगायचे.

ह्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते न सांगताच हे जाणार होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी देवापुढे नाही, त्या संघटनेपुढे हात जोडत होते.

आणि मग एका दुपारी, केस पांढरे, हातात पिशवी, अशा एक बाई वॉर्डात शिरल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "ह्या पलंगावरच्या माणसाला पाणी पाजलं ती आजी कोण?"

३

"पाजलं कुणी?" मी उसळले. "आणि आजी कुणाला म्हणता? तुमचे केस काय काळे आहेत?"

त्या हसल्या. "बरं, ताई म्हणते. रागावलात ते बरं झालं. खोटं बोलणारी माणसं पहिल्यांदा घाबरतात."

त्या संघटनेकडून आल्या होत्या. जन्मभर लोकांचे कान तपासलेल्या, आता निवृत्त. स्वतःच्या कानातही मशीन. "नको ते कुणी बोलायला लागलं की मी हे काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "अध्यक्षांसमोर फार वेळा काढावं लागतं." मी मनातल्या मनात त्यांना कानवाल्या बाई म्हणायला लागले.

त्यांनी आधी सिस्टरना धरलं. सिस्टर बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या.

"मी त्या पलंगाकडे गेलेच नव्हते हो. पहाटे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजोबांचं पोट साफ नाही, पुडी द्या. मी पुडी त्यांच्या मुलाच्या हातात दिली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. पाण्याचं मला काही विचारू नका."

"पुडी आधी कधी दिली होती?"

"महिनाभर अधूनमधून देतोच की. कधी काही झालं नाही."

मग माझा मुलगा. तो आधीच तयारीत होता.

"मी सांगतो ना. पेला घेतला, पावडर घातली, ढवळलं. चमचा उभा राहिला. आईला सांगितलं, झाकून ठेवतोय, आल्यावर भरव. वर बशी ठेवली आणि खाली गेलो."

"ढवळायला कुणी शिकवलं?"

"त्यांनीच," तो कुरकुरत म्हणाला. नाव घेतलं नाही. "रोज परीक्षा घ्यायच्या माझी. शाळेत नापास व्हायचो, इथे नाही झालो."

"परत आलात तेव्हा बशी कुठे होती?"

"बाजूला. बाबांनी डाव्या हाताने सरकवली असणार. घट्ट पाण्याचा त्यांना वैताग यायचा, पण तहान लागली की तेही उचलून प्यायचे. घट्ट असतं तर काही झालं नसतं."

ते खरं होतं. घट्ट पाणी हे एक-दोनदा स्वतःच प्यायले होते, वाचाताईंच्या समोर.

वाचाताईंना भेटायला आम्ही फाटकावर गेलो. त्यांचे डोळे खोल गेले होते.

"मी त्या सकाळी पलंगापर्यंत पोचलेच नाही," त्या म्हणाल्या. "पण मला ते कसं सिद्ध करता येईल? मी आले, त्या वेळी पाणी माझ्याच हातात होतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, गेल्या वर्षी एकीची नोंदणी अशीच गेली ना? तीही म्हणत होती, पेला घट्ट होता, कुणीतरी बदलला. आम्ही सगळ्या तिला हसलो होतो."

कानवाल्या बाईंचा हात कानाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"म्हणजे पेला बदलणारा भेटला तर ही सुटेल," परत येताना मी म्हटलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "सिस्टर पलंगाकडे गेली नाही, ही पोचली नाही, तुम्ही धुण्यावर. मग पेला बदलला कुणी? की तो बदललाच नाही?"

४

"त्या सकाळचं काही उरलंय का?" त्यांनी विचारलं. "पेला, बशी, उशी?"

सगळं धुऊन गेलं होतं. पण टॉवेल उरला होता. मी तो त्या गडबडीत पिशवीत कोंबला आणि पिशवी पलंगाखाली ढकलली. नंतर तिला हात लावायचा धीर झाला नव्हता.

त्यांनी टॉवेल बाहेर काढला. वाळून कडक झाला होता. त्यांनी तो नाकाशी नेला.

"लिंबू," मी म्हटलं. "तेव्हाही आला होता वास."

त्या एकदम खाली बसल्या, पलंगाच्या कडेवर, ह्यांच्या पायाशी. ह्यांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"साध्या पाण्याला लिंबाचा वास कुठून येईल?" त्या हळू म्हणाल्या. त्यांनी टॉवेलचा डाग बोटाने खरवडला. नखाखाली पांढरी भुकटी आली, वाळलेल्या खळीसारखी. "आणि साध्या पाण्याचा असा डाग पडत नाही."

मग त्यांनी नवा डबा मागून घेतला, झाकण उघडलं, चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली. जुना रिकामा डबा मी चमचे ठेवायला वापरत होते, तोही बघितला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. कोडं सुटल्यावर माणूस खूश होतो असं मला वाटायचं.

"कळलं?" मी विचारलं. "कुणी केलं?"

"कळलं."

"सांगा की मग."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. मग मला हाताला धरून जिन्यात नेलं.

"सांगते. पण ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा, हे सगळ्यांसमोर बोलायचं की नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी बोलणार नाही."

त्यांनी सांगितलं. मी जिन्याचा कठडा धरला. खाली कुणीतरी बादली आपटली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

५

सुनावणीच्या आधी संघटनेचे अध्यक्ष मला भेटायला आले. चांगला माणूस, फळं घेऊन आला होता. ज्याच्या नाकात नळी त्याला फळं.

"आजी, काळजी करू नका," ते म्हणाले. "पुरावा नाही असं लिहून आम्ही प्रकरण बंद करतो. आमच्या सभासदाचं काम चालू राहील. तुमच्या घरातही कुणाला त्रास नको. संघटना शेवटी सभासदांना सांभाळायलाच असते."

मला ते पटत होतं, हे मी लपवत नाही. वाचाताई परत येतील, ह्यांचं बोट वाचतील. आणि माझा मुलगा तसाच राहील, रागावलेला पण धड.

कानवाल्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी मशीन काढलेलं नव्हतं.

"आणि उद्या दुसऱ्या वॉर्डात?" त्यांनी विचारलं.

"उद्याचं उद्या बघू की हो."

"गेल्या वर्षीही आपण असंच म्हणालो होतो."

मी ह्यांच्याकडे बघत बसले. श्वास घेताना ह्यांची मान प्रत्येक वेळी वर उचलली जात होती, विहिरीतून बादली ओढावी तशी. असंच कुणीतरी दुसरीकडे ओढत असेल का? ओढायला लागणार असेल का?

"सांगा," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांगा. फक्त माझ्या मुलाच्या शेजारची खुर्ची मला द्या."

६

संघटनेची खोली लहान होती. भिंतीवर कानाचं मोठं चित्र, एक लांब टेबल. टेबलाच्या मागे अध्यक्ष आणि कानवाल्या बाई. एका बाजूला वाचाताई, गुन्हेगारासारख्या खाली बघत. समोर आम्ही मायलेक.

कानवाल्या बाईंनी पिशवीतून वॉर्डातला नवा डबा काढला, पेला, चमचा, बशी, पाण्याची बाटली. शेवटी एक पुडी काढून बाजूला ठेवली, सहज ठेवल्यासारखी.

"तुमची तक्रार आहे," त्या माझ्या मुलाला म्हणाल्या, "म्हणून तुम्हीच करून दाखवा. त्या सकाळी केलंत तसं. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही."

तो ताठ उभा राहिला. त्याने इतकं नीट केलं की वाचाताईंनीही मान वर केली. पावडर थोडी थोडी सोडली, एका दिशेने ढवळलं, थांबला, पुन्हा ढवळलं. चमचा मधोमध उभा राहिला.

"बघा!" तो म्हणाला. "असं ठेवलं होतं मी."

"मग?"

"मग झाकलं."

"लगेच?"

तो थबकला. "मग ती पोटाची पुडी. पण ते औषध झालं, पाणी नाही."

"काही गाळायचं नाही म्हटलं होतं ना."

त्याने पुडी फाडली आणि घट्ट पाण्यावर रिकामी केली. लिंबाचा वास खोलीभर झाला. मी त्याचा सदरा मागून धरला.

"ढवळली नाहीत?"

"नाही. वर टाकायची, झाकायचं, आपोआप मुरते. भरवताना आई ढवळते. जुन्या डब्याच्या वेळी नेहमी असंच तर करायचो." त्याने बशी ठेवली. "झालं. आता विचारा ह्या बाईंना, पेला का बदलला ते."

"विचारते. जरा थांबू या," कानवाल्या बाई म्हणाल्या. "त्या सकाळीही थांबला होतात. औषधं घ्यायला रांग होती ना?"

आम्ही थांबलो. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. माझा मुलगा पाय हलवत होता. मग कानवाल्या बाई म्हणाल्या, "आता बशी काढा. चमचा उभा करा."

त्याने चमचा सोडला. चमचा टण्णकन काचेवर पडला.

त्याने पेला तिरका केला. दुधाळ पाणी झरकन एका बाजूला धावलं, अगदी साध्या पाण्यासारखं.

"पेला कुणी बदलला नाही," कानवाल्या बाई म्हणाल्या. "जुना डबा डिंकाच्या जातीचा होता. त्यात ही पुडी चालायची. नवा डबा पिठाच्या खळीचा आहे. खळीत ही पुडी पडली की घट्टपणा मोडतो. डबे दिसायला सारखे, काम सारखं, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नाही. स्टोअरने डबा बदलला, डॉक्टरने पुडी दिली, सिस्टरने हातात ठेवली, ह्या मुलाने शिकवल्याप्रमाणे केलं. ज्याने त्याने आपापलं काम बरोबर केलं."

माझ्या मुलाला ते ऐकू गेलं नाही. त्याने डबा ओढला आणि त्या पातळ पाण्यात पावडर घालायला लागला. एक चमचा, आणखी एक, आणखी एक. टेबलभर सांडलं.

"होईल घट्ट," तो म्हणत होता. "थांबा जरा. आत्ता होईल. आई, होईल ना गं?"

मी त्याचं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं.

वाचाताई उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्याच्या हातातून चमचा काढून घेतला. "तुमचा हात अगदी बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलाय तो. नवा डबा मीही बघितला होता. मीही नाही ओळखलं."

अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे आपल्या सभासदाचा दोष नाही. नोंदणी परत. मिटलं."

"मिटलं?" कानवाल्या बाईंचा आवाज चिरकला. "गेल्या थंडीत ह्याच टेबलासमोर एका आजींची मुलगी बसली होती. ती म्हणाली, सांडलेल्या पाण्याला संत्र्याचा वास होता. ही पुडी संत्र्याच्या वासाचीही मिळते. आपण काय विचारलं तिला? आमच्या सभासदाने तुम्हाला नीट शिकवलं होतं का, हो की नाही? दर वेळी तेवढंच विचारतो आपण. आपलं माणूस चुकलं की नाही, बस्स. मी ह्याच खुर्चीत होते. मशीन कानात होतं, तरी मी तो वास ऐकला नाही. एका पोरीची नोंदणी काढून घेतली आणि घरी जाऊन जेवले."

अध्यक्षांनी टेबलावरचा डबा उचलून हातात घेतला.

"एका पलंगाशी जे कळलं ते सगळ्या पलंगांपर्यंत पोचवायचं, ह्याच्यासाठी संघटना. नाहीतर आपण नुसते शिक्के मारतो," त्या म्हणाल्या. "आजच्या आज प्रत्येक सभासदाला कळवा, प्रत्येक वॉर्डाला कळवा. त्या मुलीची नोंदणी परत करा, आणि माफी मागायला मी स्वतः जाते. नाहीतर माझी काढून घ्या."

अध्यक्षांनी त्या पेल्याकडे पाहिलं. मग फोन जवळ ओढला.

७

त्याच दुपारी वाचाताई वॉर्डात आल्या. त्यांना बघून ह्यांचं बोट पुठ्ठ्याकडे वळलं, पण उचललं जाईना. वाचाताईंनी ते आपल्या तळहातावर घेतलं आणि अक्षराअक्षरावरून फिरवलं. कुठे जड होतं, कुठे हलकं होतं, हे त्यांनाच कळत होतं. बराच वेळ लागला. त्यांनी मला अक्षरं सांगितली नाहीत, मी स्वतः बघितली. 'ना' होतं. मग 'त'.

सून नातीला घेऊन बाहेरच उभी होती, लहान मुलांना आत सोडत नव्हते. सिस्टरनी एकदा इकडे तिकडे बघितलं आणि पाठ फिरवली. नातीला ह्यांच्या कुशीशी बसवलं. तिने आजोबांच्या नाकातली नळी ओढायला हात घातला, तेव्हा हे हसले, एका बाजूने.

मग माझा मुलगा पलंगाशी वाकला. मी त्याला सांगितलं होतं, बोलू नकोस, काही गरज नाही. त्याने ऐकलं नाही.

"बाबा, ते पाणी माझ्या हातचं होतं."

हे त्याच्याकडे बघत राहिले. कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग डावा हात कसाबसा वर आला आणि ह्यांनी मुलाच्या छातीवर बोटाने टकटक केलं. कार्यक्रमाच्या आधी माइक चालू आहे का बघायचे तसं.

"हॅलो," हे म्हणाले. घशातून निघाला तेवढा आवाज. "हॅलो."

चेक आलं नाही.

ज्या आजींच्या पाण्याला संत्र्याचा वास होता त्या आदल्या वर्षीच्या थंडीत वारल्या. माझे मालक नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सकाळी, उजाडल्यावर वारले.